रातपाळीची सवय खरंच होते का?
पाळीत काम करताना झोप, थकवा आणि तब्येत



सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. तुमच्यापैकी किती जण आज इथून उठून थेट रातपाळीला जाणार आहेत? बरेच हात वर आले. म्हणजे या वेळी तुम्ही खरं तर घरी पडलेलं असायला हवं होतं. मध्येच कुणाला डुलकी लागली तर आम्हाला राग येणार नाही. आजच्या विषयाला धरूनच होईल ते.

कारखान्यात, रुग्णालयात, एसटीच्या डेपोत, कुठेही पाळीचा विषय काढला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "पहिले चार दिवस त्रास होतो, मग सवय होते." जुनी माणसं हे नव्यांना सांगतात, सुपरवायझर कामगाराला सांगतो, आणि घरचेही तेच धरून चालतात. आज आम्हाला जे सांगायचं आहे ते या एका वाक्याबद्दल आहे. रातपाळीची सवय शरीराला होत नाही. सवय होते ती थकव्याची. थकलेलं असणं हेच आपल्याला नेहमीचं वाटू लागतं. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो कळला नाही, तर पुढच्या कुठल्याही उपायाचा उपयोग नाही.

शरीरातलं घड्याळ

लाजाळूचं झाड आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. हात लावला की पानं मिटतात. रात्रीही ती मिटतात आणि सकाळी उघडतात. १७२९ साली द मेरां नावाच्या एका फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने असंच एक झाड सतत अंधारात ठेवून पाहिलं. सूर्य दिसत नव्हता, तरीही पानं आपल्या वेळेला उघडत होती आणि मिटत होती. याचा अर्थ, दिवस-रात्रीचा हिशोब झाडाच्या आतच कुठेतरी चालू होता. हे आतलं घड्याळ पेशीमध्ये नेमकं कसं चालतं, हे शोधणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं काम मुख्यतः फळांवर घोंघावणाऱ्या चिलटांवर झालं होतं.

आपल्यातही हे घड्याळ आहे. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. मुख्य घड्याळ ते. झोप कधी यावी, अंगाचं तापमान कधी चढावं, कधी उतरावं, कुठलं संप्रेरक कधी सुटावं, पचनाने कधी जोर धरावा, या सगळ्याचं वेळापत्रक तिथून निघतं. संध्याकाळ उलटली की मेलाटोनिन हे संप्रेरक वाढू लागतं. पहाटे चार-पाचच्या सुमाराला अंगाचं तापमान सगळ्यात खाली असतं. रातपाळीवाल्यांना हा तास नीट माहीत आहे. अंगावर शिरशिरी येते, डोळे चुरचुरतात, साधी बेरीज दोनदा करावी लागते. हा आळशीपणा नव्हे. शरीराने त्या वेळी दुकान बंद केलेलं असतं.

हे घड्याळ रोज लावलं जातं ते मुख्यतः उजेडाने. आणि रातपाळीची सगळी अडचण इथेच आहे.

इथून माणूस अमेरिकेला गेला, तर पहिले काही दिवस त्याला दिवसा झोप येते, रात्री जाग येते. आठ-दहा दिवसांत गाडी रुळावर येते. का? कारण तिथला सूर्यही तिथल्या वेळेनेच उगवतो. रातपाळीवाल्याचं तसं नाही. तो सकाळी सातला गेटबाहेर पडतो आणि समोर लख्ख ऊन. ते ऊन डोळ्यांवाटे आतल्या घड्याळाला सांगतं, की सकाळ झाली, ऊठ. रात्रभर थोडंफार सरकलेलं घड्याळ पुन्हा मागे येतं. हिंजवडीत बसून अमेरिकेच्या वेळेत काम करणाऱ्या मुला-मुलींचंही हेच होतं. कामाचं घड्याळ तिकडचं, पण ऊन मात्र मुळशीचंच.

त्यात सुट्टीच्या दिवशी आपण सगळ्यांसारखं रात्री झोपतो, लग्नाला जातो, बाजारहाट करतो. आणि आठवडा संपला की पाळीच बदलते. म्हणून वर्षानुवर्षं रातपाळी करूनही ज्यांचं घड्याळ पूर्ण फिरलं आहे अशी माणसं फार थोडी असतात. बाकीचे सोसत असतात.

थकलेल्या माणसाला थकवा कळत नाही

आता एक हिशोब करू. सोमवारपासून रातपाळी सुरू होणार आहे. माणूस नेहमीप्रमाणे सकाळी सातला उठला. दिवसभर घरची कामं केली. "आज पहिलीच रात्र आहे, जाईल निभावून," असं म्हणून दुपारी पडला नाही. रात्री अकराला कामावर हजर. रात्री बारा वाजता त्याला जागून १७ तास झालेले असतात आणि सकाळी सातला सुटतो तेव्हा २४.

१९९७ साली ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जागरण आणि दारू यांची तुलना केली. त्याच माणसांना एकदा जागवून आणि एकदा दारू देऊन हात-डोळ्यांच्या समन्वयाची चाचणी घेतली. सलग १७ तास जागल्यावर कामगिरी जितकी घसरली, तितकी ती रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असताना घसरते. २४ तासांनंतरची घसरण जवळपास १०० मिलिग्रॅमच्या बरोबरीची होती. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात वाहन चालवणाऱ्यासाठी मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची.

म्हणजे आपला हा माणूस सकाळी सातला मोटरसायकलला किक मारतो, तेव्हा कायद्याच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त प्यायलेल्या माणसासारखा असतो. पोलिसाने नळीत फुंकायला लावलं तर यंत्र शून्य दाखवेल. जागरण मोजणारी नळी अजून रस्त्यावर आलेली नाही.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. दारू प्यायलेल्या माणसाला जसं वाटतं की आपण अगदी ठीक आहोत, तसंच जागलेल्या माणसालाही वाटतं. झोप सलग कमी पडत गेली की काम बिघडत जातं, पण आपल्याला किती झोप येते आहे याचा अंदाज एका पातळीवर थांबतो. "मला काही होत नाही" हे वाक्य आम्ही जिथे ऐकतो, तिथे म्हणूनच जास्त लक्ष देतो.

झोप दोन हप्त्यांत घेतली तरी चालते

मग करायचं काय? नोकरी सोडा, असं सांगायला आम्ही आलेलो नाही. दूध, वीज, रुग्णालय, रेल्वे, पोलीस, अग्निशमन, ही कामं रात्री थांबत नाहीत. रातपाळी राहणारच. आपण तिची किंमत कमी करू शकतो.

पहिली गोष्ट, झोपेचे तास मोजा. दिवसाची झोप रात्रीपेक्षा तास-दोन तास तरी कमी भरते, कारण शरीर आपल्याला उठवत असतं. ही उधारी रोज वाढत जाते. ती भागवण्यासाठी झोप दोन हप्त्यांत घ्या. समजा पाळी अकरा ते सात आहे. घरी पोहोचायला पावणेआठ. थोडं खाऊन साडेआठला अंथरुणावर, दीड-दोनपर्यंत झोप. मग जेवण, मुलं शाळेतून आली की त्यांच्याशी बोलणं. चार ते साडेपाच पुन्हा पडायचं. एकूण साडेसहा-सात तास होतात. संध्याकाळी सात-साडेसातला झोपायला गेलात तर ती वेळ चुकीची. त्या सुमाराला शरीर सगळ्यात जागं असतं, नुसतीच कूस बदलत राहाल.

पहिल्या रात्रीआधी दुपारी दीड तास झोपायचंच. आताच केलेला हिशोब त्यासाठीच होता. आणि शेवटची रात्र संपली की सकाळी दोन-तीन तासच झोपा, मग उठा, उन्हात फिरा आणि रात्री लवकर झोपा. सुट्टीचा अख्खा दिवस झोपून काढला, तर रात्री डोळे टक्क उघडे राहतात.

कामावर जेवणाच्या सुट्टीत आडवं व्हायची परवानगी आणि जागा असेल, तर १५ ते २० मिनिटांची डुलकी फार उपयोगी पडते. गजर लावून घ्या. पाऊण तास झोपलात तर उठल्यावर डोकं जड होतं. उठल्या उठल्या मशीनवर हात ठेवू नका. तोंड धुवा, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या.

चहा, तंबाखू, डबा

चहा वाईट नाही. वेळ चुकते. चहा-कॉफीतलं कॅफीन अंगात भिनायला साधारण अर्धा तास लागतो आणि ते निम्म्यावर यायला साधारण पाच तास. पहाटे पाचच्या चहातलं निम्मं कॅफीन सकाळी दहाला, म्हणजे तुमच्या मध्यरात्री, अंगात असतं. म्हणून चहा पाळीच्या पहिल्या निम्म्यात घ्या, दोन-अडीचनंतर बंद. डुलकीच्या आधी चहा घेऊन लगेच पडलात, तर उठेपर्यंत तो काम करू लागतो. हे करून पाहण्यासारखं आहे.

तंबाखूबद्दल स्पष्ट बोलतो. पहाटे तीनला हातावर चुना-तंबाखू मळायला सुरुवात होते ती झोप घालवण्यासाठी, हे आम्हाला माहीत आहे. निकोटीन तरतरी देतं हे खरं. तेच निकोटीन सकाळची झोप मोडतं, मग दुसऱ्या रात्री आणखी एक चिमूट लागते. अनेकांचं व्यसन असंच रातपाळीत लागलेलं असतं. झोप यावी म्हणून सकाळी "थोडी घेणारे"ही आहेत. दारूने डोळा लवकर लागतो, पण झोप तुटक होते, दोन तासांत जाग येते. झोपेच्या गोळ्या तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायच्याच नाहीत.

डब्याचं सांगायचं तर, पोटालाही घड्याळ आहे. तेच जेवण रात्री दोनला जेवलं, तर रक्तातली साखर दिवसापेक्षा जास्त चढते. म्हणून मुख्य जेवण घरून आठ-साडेआठला करून निघा. एकच्या सुमाराला हलकं काही. अर्धी भाकरी आणि भाजी, उकडलेलं अंडं, मूठभर शेंगदाणे-फुटाणे, एखादं फळ. कॅन्टीनमधला तीनचा वडापाव किंवा भजी पोटात तशीच पडून राहतात, मग छातीत जळजळ. आणि घरी आल्यावर थोडे पोहे किंवा उपमा खाऊनच झोपा. उपाशी झोपलात तर भूक अकराला उठवते.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर "सकाळची गोळी" रातपाळीत नेमकी कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारा. पाळी बदलते हे त्यांना सांगा. बरेच जण सांगतच नाहीत. आपल्या मनाने वेळ बदलली तर साखर अचानक उतरू शकते.

घरी जातानाचा तास

रातपाळीतला सगळ्यात धोक्याचा तास पुष्कळदा कामावरचा नसतो, तो घरी जातानाचा असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. डोळा तीन सेकंद लागला, तर ५० मीटर गाडी कुणीच चालवत नसतं. ही झोप इतकी लहान असते की ती लागली होती हेही कळत नाही.

खुणा ओळखा. मागचा एखादा किलोमीटर आठवत नाही. रोजचं वळण चुकलं. मान एकदम झटका बसून वर आली. यातलं काहीही झालं, की गाडी बाजूला घ्यायची. तोंडावर पाणी, मोठ्याने गाणी, वारा, याने दोन-चार मिनिटं बरं वाटतं, झोप जात नाही. झोपेवर उपाय झोपच. कंपनीची बस असेल तर बसच घ्या. नसेल तर निघण्यापूर्वी गेटजवळच २० मिनिटं डोळे मिटा. घरी अर्धा तास उशीर झाला तर चालेल. बसने जाणाऱ्यांनी गॉगल लावला तर सकाळचं ऊन डोळ्यांत कमी जाईल आणि घरी झोप लवकर येईल. स्वतः गाडी चालवणाऱ्याने मात्र झोप येईल असं काही करू नये.

पाळ्या लावणाऱ्यांसाठी दोन शब्द

इथे काही अधिकारीही बसले आहेत. सगळं ओझं कामगारावर टाकणं बरोबर नाही. पाळ्या कशा लावल्या आहेत यावर निम्मं गणित ठरतं. आतलं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित मोठं असतं, त्यामुळे त्याला उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जमत नाही. म्हणून पाळी सकाळ, मग दुपार, मग रात्र अशा क्रमाने पुढे सरकावी. उलटा क्रम शरीराला जड जातो. दुसरी पाळी बाराला सुटली आणि सकाळी सातच्या पहिल्या पाळीला बोलावलं, तर जाणं-येणं धरून माणसाला चार-पाच तासांचीच झोप मिळते. युरोपीय संघाच्या नियमात दोन पाळ्यांमध्ये सलग ११ तासांची विश्रांती सांगितली आहे, ती यासाठीच. आणि रातपाळीवर "डबल" लावणं तर टाळाच. ओव्हरटाइमचे पैसे सगळ्यांनाच हवे असतात, म्हणून कामगार नाही म्हणत नाही. नाही म्हणायचं काम तुमचं आहे.

विश्रांती ही काही कुणाची मेहेरबानी नव्हे. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० पासून, नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी लढा दिल्यावर. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने रातपाळीवाल्यासाठी एक बारीक पण मोलाची गोष्ट लिहून ठेवली. ज्याची पाळी मध्यरात्र ओलांडते, त्याची साप्ताहिक सुट्टी पाळी सुटल्यापासून पुढचे सलग २४ तास धरायची. कारण रविवारी सकाळी सातला सुटलेल्या माणसाचा रविवार मुळातच अर्धा झोपेत गेलेला असतो. कायद्यांची मांडणी बदलत राहते, हा मुद्दा बदलत नाही.

डॉक्टरकडे कधी जायचं

घोरताना श्वास मध्येच थांबतो असं घरचे सांगत असतील, सुट्टीच्या दिवशीही झोप येत नसेल, गाडी चालवताना डोळा लागत असेल, मन सतत उदास असेल, तर थांबू नका. फिट येणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी रातपाळीआधी सल्ला घ्यावाच. जागरणाने फिट येण्याची शक्यता वाढते. पाळीत काम करणाऱ्यांमध्ये मधुमेह आणि हृदयविकार जास्त आढळतात, म्हणून रक्तदाब, साखर आणि वजन वर्षातून एकदा तरी तपासा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रातपाळीला "बहुधा कर्करोगकारक" या गटात ठेवलं आहे. घाबरून जाऊ नका. रातपाळी केली म्हणजे कर्करोग होणारच, असा याचा अर्थ नाही. पण ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही, एवढं नक्की.

दुपारी अकराची बेल

शेवटचा मुद्दा घरचा. मागे एका व्याख्यानानंतर एक सिस्टर भेटल्या होत्या. म्हणाल्या, "नाईट करून सकाळी घरी येते. घरचे म्हणतात, आज दिवसभर घरीच आहेस ना, मग गॅसवाला येईल, पाहुणे येतील, तेवढं बघ." आल्यावर त्या सगळ्यांचे डबे करायच्या, धुणं लावायच्या आणि बाराला आडव्या व्हायच्या. तीनला मुलगा शाळेतून यायचा. त्या रोज तीन तास झोपत होत्या आणि लोक त्यांना चिडखोर म्हणत होते.

आम्ही त्यांना औषध दिलं नाही. घरच्यांना घेऊन या म्हणालो. रातपाळी एकट्या माणसाची नसते, सगळ्या घराची असते. गिरणगावात एकेका खोलीत वेगवेगळ्या पाळीतली माणसं राहायची. आज घरं थोडी मोठी झाली, पण दिवसा कुणीतरी झोपलं आहे हे लक्षात ठेवायची रीत उरली नाही.

म्हणून घरच्यांसाठी सांगतो. सकाळचे अकरा म्हणजे त्या माणसाचे रात्रीचे दोन. रात्री दोनला तुम्ही कुणाला गॅसवाल्यासाठी उठवाल का? खिडकीला जाड चादर लावा. बेल बंद करा, दारावर चिठ्ठी लावा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, अडीअडचणीला उठवायचं काम घरातल्या एकाने घ्यावं. कुकरच्या शिट्ट्या तो यायच्या आधी होऊन जाऊ द्या. पंख्याचा आवाज चालतो, बाहेरचे आवाज त्यात बुडतात. खोली एकच असेल, तर निदान चार तास टीव्ही बंद आणि मुलं शेजारी. आणि रातपाळी बाईची असेल, तर त्या आठवड्याचे डबे दुसऱ्या कुणीतरी करायचे. यात काही मोठेपणा नाही, वाटणी आहे.

मुक्कामी एसटी घेऊन गेलेल्या चालकाला नीट झोप मिळाली, तर पहाटेच्या पहिल्या फेरीतले प्रवासी सुखरूप पोहोचतात. त्या सिस्टरची झोप झाली, तर वॉर्डातल्या पेशंटला योग्य औषध योग्य मात्रेत मिळतं. तुमच्या घरात दिवसा कुणी झोपलं असेल, तर त्याची झोप ही त्याच्या कामाचाच भाग समजा.

आता ज्यांना रातपाळीला जायचं आहे, त्यांनी प्रश्नोत्तरांसाठी थांबू नका. अजून वेळ आहे. घरी जा आणि तासभर पडा. तुमचे प्रश्न चिठ्ठीवर लिहून ठेवून जा, पुढच्या वेळी उत्तरं देऊ.